चौदाव्या रांगेतला पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. पण मला शोधायला छताकडे पाहू नका. मोटारगाडीत चालकाच्या शेजारच्या सीटवर बसलात, की तुमच्या गुडघ्यांसमोर झाकणाचा एक छोटा कप्पा असतो. त्यात लोक कागदपत्रे, खोकल्याच्या गोळ्या आणि एकटा उरलेला हातमोजा ठेवतात. त्या कप्प्याच्या मागे, खालच्या काळोखात माझी जागा. आकाराने मी सोललेल्या नारळाएवढा. एका टोकाला मोटर आणि दुसऱ्या टोकाला बारीक उभ्या पात्यांचा गोल पिंजरा. पाती बेचाळीस आहेत. मी ती मोजलेली नाहीत. एल्वी नावाच्या एका बाईंनी मोजली, त्यांची गोष्ट पुढे येईलच.

माझे काम सांगायला सोपे आहे. बाहेरची गार हवा आत ओढायची आणि इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या नळ्यांवरून पुढे ढकलायची. पण पुढे म्हणजे कुठे? हवा माझ्यातून निघून एका वळणदार बोगद्यात शिरे आणि नाहीशी होई. ती कुणाकडे जाते, तिथे काय करते, हे मला कधीच दिसले नाही. जन्मभर मला एकाच गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे, आणि ते हेच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्राने माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लोहचुंबक बसवले. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला फिरवून पाहिले. मी थरथरत होतो. त्यांनी माझ्या एका पात्याला नखाएवढी पोलादी चिमटी लावली, पुन्हा फिरवले, आणि माझी थरथर थांबली. एवढीशी चिमटी सगळा तोल सांभाळू शकते, याचे मला आजही नवल वाटते.

माझी गाडी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात ओस्मुंड बाक्के नावाच्या गृहस्थांनी घेतली. ते पियानो सुरात लावण्याचे काम करत. चर्च, शाळा, दूरदूरची शेतघरे, सगळीकडे ते एकटेच जात आणि वाटेत स्वतःशीच बोलत. तिकडचा हिवाळा पाच महिन्यांचा असतो, त्यामुळे मला रिकामपण ठाऊक नव्हते.

मला चार वेग आहेत. पहिल्या वर्षीच बाक्केंनी मला तिसऱ्या वेगावर ठेवले आणि ते कान देऊन ऐकू लागले. मग म्हणाले, "अरे! हा तर काळी पाचमध्ये गातोय."

तेव्हापासून ते रोज माझ्या सुरात सूर मिळवून गुणगुणत. कौतुक म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळले. एकदा शेजारी बसलेल्या पाद्र्यांना ते म्हणाले, "हा पंखा बंद पडला ना, तर मला डोळे मिटूनच गाडी चालवावी लागेल."

मी फार विचार केला. माझा आणि डोळ्यांचा संबंध काय? मी तर वारा देतो. वाऱ्याने कुणाला दिसते का? पण पंख्याला प्रश्न विचारता येत नाही.

सोळा वर्षांनी बाक्केंच्या कानांनी दगा दिला, त्यानंतर गुडघ्यांनी. गाडी कोठारामागे उभी राहिली ती दोन हिवाळे तशीच. त्या काळात माझ्या पिंजऱ्यात एक उंदरीण राहायला आली. तिने सूर्यफुलाच्या बिया आणल्या, सीटमधला कापूस आणला आणि पियानोच्या आत लावतात त्या लाल लोकरी कापडाचे तुकडेही आणले. ते बाक्केंच्या अवजारांच्या पेटीतले असणार. तिची सहा पिल्ले माझ्या पात्यांत वाढली. उपयोगात नसलेल्या वस्तूला कुणी घर मानले तर तिला बरे वाटते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

मग एक दिवस साखळ्या खडखडल्या आणि आमची गाडी ओढून नेण्यात आली.

ते जुन्या गाड्यांचे आवार होते. तिथे गाडीतले तेल, पेट्रोल, पाणी आधी काढून घेतात. मग चाकांच्या लोखंडी कड्या जोडून केलेल्या ठोकळ्यांवर गाडी ठेवतात आणि पुढच्या काचेवर पिवळ्या रंगाने दोन गोष्टी लिहितात, गाडीचा नंबर आणि ती आल्याची तारीख. फाटकावर दोन डॉलर देऊन कुणीही आत यावे. हत्यारे आपली आपण आणावीत, हवा तो भाग आपल्या हाताने काढावा आणि जाताना त्याची किंमत द्यावी. कामगार कुणाला काही काढून देत नाहीत.

मी नवव्या रांगेत होतो. तिथे मी माणसांचे हात ओळखायला शिकलो. एकाला माझ्या गाडीचा रेडिओ हवा होता. त्याने माझ्यासमोरचा कप्पा हळूच सोडवला, काम झाल्यावर कप्पा सीटवर नीट ठेवला आणि त्याचे सगळे स्क्रू पेला ठेवायच्या खळग्यात टाकून गेला. त्याचे नाव मला कळले नाही. आमच्यासमोर अगदी आमच्यासारखीच दुसरी गाडी होती. तिच्यातली एक तार कुणाला तरी हवी होती, म्हणून त्याने पहारीने सगळा पुढचा भाग फोडला. तिच्यातला पंखा, म्हणजे माझा जुळा भाऊच म्हणा, तुकडे होऊन जमिनीवर पडला. त्या आवारात आमच्या जातीचा मी एकटा उरलो.

तारखेचा अर्थही मला तिथेच कळला. गाड्या उचलणाऱ्या यंत्राचा चालक एकदा नव्या माणसाला सांगत होता, "तारीख बघायची. सहा आठवडे झाले आणि आत काही उरलं नसलं, की उचलायची आणि दाबयंत्रात टाकायची." दाबयंत्र म्हणजे गाडीची चपटी वडी करणारे यंत्र. त्याचा आवाज मी लांबून ऐकत असे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दोन वृद्ध बायका नवव्या रांगेत आल्या.

"एल्वी, हीच का गं?" एक आवाज खणखणीत होता.

"हीच. वर्ष जुळतंय. तू पान्यांची पेटी धर, हिल्या."

"धरलीय की मघापासून. माझे हात आता पेटीएवढे लांब झाले."

एल्वी निएमी साठी उलटलेल्या होत्या. कागदाच्या गिरणीतल्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षे काम केले होते. हिल्या ही त्यांची नणंद. तिच्या पिशवीत कॉफीचा थर्मास आणि वेलची घातलेला पाव होता, आणि तोंडात शब्दांचा तुटवडा नव्हता.

एल्वी गाडीत शिरल्या, सीटवर पाय आणि खाली डोके अशा उलट्या झोपल्या आणि हातातल्या विजेरीचा उजेड त्यांनी माझ्यावर पाडला. अठरा वर्षांत माझ्यावर असा थेट प्रकाश पडला तो तेव्हा पहिल्यांदा.

"दिसतोय का?" हिल्याने बाहेरून विचारले.

"दिसतोय. शाबूत आहे."

"तुझे फक्त बूट दिसताहेत बाहेरून. लोक म्हणतील, हिल्यानं भावजयीला गाडीत कोंबलं."

एल्वींनी तीन स्क्रू सोडवले, तारेची जोडणी चिमटीने दाबून अलगद ओढली आणि मी त्यांच्या तळहातावर आलो. त्यांनी मला बाहेर नेऊन गाडीच्या टपावर ठेवले. मित्रांनो, मी प्रथमच आकाश पाहिले. ते राखाडी होते आणि फार मोठे होते.

"अगंबाई, यात उंदीर होता!" हिल्या दोन पावले मागे सरली.

"होता. आता नाही." एल्वींनी लाल कापडाचे तुकडे एकेक करून काढले, मला ब्रशने साफ केले आणि तेव्हाच माझी पाती मोजली. "बेचाळीस. आपल्याला बेचाळीसच हवीत."

त्यांनी एक छोटी बॅटरी आणली होती. तिच्या दोन तारा त्यांनी मला लावल्या आणि मी फिरलो! दोन वर्षांनी फिरलो. पण काहीतरी वेगळेच वाटत होते.

"हा उलटा फिरतोय," हिल्या म्हणाली. "बिघडलेला आहे. टाक."

"बिघडलेला नाही. मीच तारा उलट्या लावल्या." एल्वींनी तारा अदलाबदल केल्या. मी नेहमीच्या दिशेने फिरू लागलो. जन्मात एकदाच मी उलटा फिरलो आहे आणि अजूनही मला त्याची गंमत वाटते. तीच वीज, तेच तांबे, फक्त वाट बदलली आणि मी आतला बाहेर झालो.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळे समजले. हिल्याचा भाऊ, म्हणजे एल्वींचा नवरा रेनो, आजारी होता. त्याचे मूत्रपिंड काम करत नव्हते. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला साठ मैलांवरच्या डुलुथला डायलिसिससाठी न्यावे लागे, एकही दिवस चुकवून चालत नसे. एल्वींच्या गाडीतला पंखा ऑक्टोबरात जळाला होता. सध्या त्या शेजारणीची गाडी वापरत होत्या. पण शेजारीण दर हिवाळ्याला ॲरिझोनात जाते, ती या रविवारी गाडी घेऊन निघणार होती. दुकानदाराने सांगितले होते की इतक्या जुन्या गाडीचा नवा पंखा मागवला तर तीन आठवडे लागतील. आणि सोमवारपासून बर्फ पडणार, असा अंदाज होता.

"चल, फाटकावर पैसे देऊ," एल्वी म्हणाल्या.

हिल्याने त्यांचा हात धरला. "थांब. शनिवारी काय आहे?"

"काय आहे?"

"अर्ध्या किमतीचा दिवस. पाटी वाचली नाहीस? आज घेतला तर सोळा, परवा घेतला तर आठ."

"परवापर्यंत दुसरा कुणी घेऊन गेला तर?"

"म्हणून तर लपवायचा! इथले सगळे लपवतात. मागच्या खेपेला त्या टोपीवाल्यानं अख्खं दार लपवलं होतं."

एल्वी घुटमळल्या. वस्तू लपवू नयेत, अशी पाटी फाटकावर होती आणि त्यांनी ती वाचली होती. पण गेले वर्षभर औषधांनी आणि पेट्रोलने त्यांना प्रत्येक डॉलरपाशी थांबायला लावले होते. त्या काही बोलल्या नाहीत. हिल्याने ते होय समजले.

लपवायची जागा हिल्यानेच निवडली आणि त्यामागे तिचा विचार होता. चांगल्या गाडीत लपवले तर लोक तिथे भाग काढायला येणार आणि सापडणार. म्हणून अशी गाडी हवी, जिच्यात काढण्यासारखे काही उरलेलेच नाही. चौदाव्या रांगेत तिला तशी एक पांढरी गाडी सापडली. दिवे नाहीत, सीटा नाहीत, इंजिन नाही. तिच्या डिकीत जादा चाकाचा रिकामा खळगा होता. त्यात मला ठेवून हिल्याने वर फाटके पायपुसणे टाकले.

"इकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही," ती म्हणाली.

एल्वींनी खिशातून एक वही काढली. त्या वहीत त्या रेनोचे रोजचे वजन आणि त्याने प्यायलेले पाणी लिहीत. "नंबर लिहून ठेवते. सहा, सहा, एक, आठ. तारीख सप्टेंबरची अठरा." त्यांनी काचेवरची तारीख पुन्हा वाचली. "बरीच जुनी आहे गं ही."

"जुनी आहे म्हणून तर! चल, कॉफी गार होतेय."

डिकी बंद झाली. अठरा सप्टेंबरपासून मी आठवडे मोजले. सात होत होते. जिच्यात काही उरलेले नाही आणि जिची तारीख उलटली आहे, त्याच गाड्या आधी उचलतात. हिल्याने आवारातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली होती आणि नेमकी तीच सगळ्यात धोक्याची होती. मला हे ठाऊक होते. पण बॅटरीवाचून मला साधा आवाजही काढता येत नाही.

शुक्रवारी दुपारी उचलयंत्र चौदाव्या रांगेत आले. त्याचे दोन लोखंडी दात गाडीच्या पोटाखाली शिरले आणि आम्ही वर गेलो. मी खळग्यातून उसळलो, डिकीच्या पत्र्यावर आपटलो आणि माझ्या पिंजऱ्यात काहीतरी कडकन मोडले. मग गाडी खाली टेकली, पण जमिनीवर नव्हे. खाली दुसरी गाडी होती. थोड्या वेळाने आमच्या वर तिसरी आली. आम्ही दाबयंत्राशेजारच्या चळतीत मधली गाडी झालो होतो.

शनिवारी सकाळी यंत्र सुरू झाले. तुम्हाला वाटेल मी घाबरलो असेन. घाबरलोच. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट टोचत होती. आपल्या हवेचे पुढे काय होते, हे न कळताच आपण चपटे होणार!

वरची गाडी गेली. काचा फुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पत्रा करकरत राहिला. उचलयंत्राचे दात आमच्या खिडक्यांतून आत शिरले. आणि तेवढ्यात कुंपणापाशी एक खणखणीत आवाज आला.

"थांबवा! ओ, थांबवा ते!"

"बाई, तारेच्या आत पाऊल टाकू नका," एक पुरुष ओरडला. हा ऑरिन, आवाराचा व्यवस्थापक. "इकडे गिऱ्हाइकांना बंदी आहे."

"त्या पांढऱ्या गाडीत माझी कवळी राहिलीय!" हिल्या म्हणाली.

"मग आत्ता बोलताय ती कुणाची?"

"ही… ही चर्चला जायची."

"ऑरिन, कवळी नाही," एल्वींचा श्वास लागला होता, पण आवाज शांत होता. "हीटरचा पंखा आहे. गुरुवारी मी तो काढला आणि तिथे लपवला. फाटकावरची पाटी वाचून लपवला."

"मी लपवला," हिल्या मध्येच म्हणाली. "ती नकोच म्हणत होती."

"मी नको म्हटलं नाही. मी गप्प बसले."

ऑरिनने मोठा उसासा टाकला. "दर सेलला हाच तमाशा. कुणी दार लपवतं, कुणी बंपर. परवा एक जण त्या यंत्रापुढे उभा राहून रडला माझ्यासमोर. चौदा नंबर काल साफ केली. पाटी काय मी शोभेला लावलीय? दुसरा घ्या जा."

"दुसरा नाही. मी तीन वेळा सगळ्या रांगा फिरले आहे." एल्वी म्हणाल्या. "रेनोला सोमवारी सकाळी डुलुथला न्यायचंय. पंखा नसला की तीन मिनिटांत काच आतून पांढरी होते. ऑक्टोबरात मी एका हातानं काच पुसायची, एका हातानं गाडी चालवायची. एकदा समोर शाळेची बस होती आणि ती मला दिसलीच नाही. बर्फात मी हे करणार नाही. आणि त्याचा सोमवार चुकला, तर बुधवार येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत."

यंत्राची घरघर चालूच होती.

"नंबर?" ऑरिनने विचारले.

वहीचे पान उलटल्याचा आवाज. "सहा हजार सहाशे अठरा."

ऑरिनने दोन बोटे तोंडात घालून शिटी मारली. दात थांबले. "जिम! ती नको. ती खाली घे. खाली, खाली! तुझ्या आजीचं लग्न आहे असं समजून हळू घे!"

डिकीचा पत्रा वाकून अडकला होता. ऑरिनने पहार लावली आणि उजेड आत आला. तीन चेहरे माझ्यावर वाकले.

"हा?" ऑरिन म्हणाला. "एवढ्याशासाठी?"

एल्वींनी मला उचलले आणि बोटाने फिरवले. टक, टक, टक. माझी तीन पाती तुटली होती आणि ती पोलादी चिमटी कुठेतरी उडून गेली होती.

"आठ डॉलर वाचवायला निघाले होते मी," हिल्या पुटपुटली. "रेनोला कोणत्या तोंडानं सांगू?"

एल्वी मला कानाशी धरून हळूहळू फिरवत होत्या. "मोटर बरी आहे. घासत नाही." त्या विचारात पडल्या. "माझ्या जळक्या पंख्याची मोटर गेलीय, पण पाती? पाती सगळी धड आहेत. फेकला नाहीय मी तो."

फाटकावर ऑरिनने अर्धी किंमत लावली नाही. "पाटी वाचून लपवलंत ना? आता पाटी वाचून पूर्ण भरा." हिल्याने स्वतःची पर्स उघडली आणि घासाघीस न करता सोळा डॉलर मोजले. ऑरिनला हे इतके नवे होते की त्याने गमतीने तिच्या पिशवीतला पावही मागून पाहिला, आणि तिने तोही दिला.

नवव्या रांगेतल्या माझ्या गाडीतून एल्वींनी आणखी एक गोष्ट घेतली. पेला ठेवायच्या खळग्यातले ते स्क्रू. त्यांच्या गाडीतल्या कप्प्याचे दोन स्क्रू ऑक्टोबरच्या गडबडीत हरवले होते.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्हा दोघा पंख्यांना शेजारी शेजारी ठेवले होते. रेनोला मी तिथे पहिल्यांदा पाहिले. उंच, वाळलेला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्याच्या डाव्या हातावर सुयांच्या खुणा होत्या. त्याने मला दोन्ही तळव्यांत घट्ट धरले आणि एल्वींनी माझा मोडका पिंजरा दांड्यावरून सरळ वर ओढून काढला. मग जळक्या पंख्याचा पिंजरा, त्याच्या स्वतःच्या चिमटीसकट, माझ्या दांड्यावर बसवला. तो बसताना बारीकसा 'टप्' असा आवाज झाला.

"एकाचं काळीज, दुसऱ्याची फुप्फुसं," रेनो म्हणाला. "मलाही असा कुणीतरी जोडीदार मिळायला हवा. मूत्रपिंडापुरता."

"तुझं मॉडेल कधीच बंद झालं," हिल्या चहाचा कप पुढे सरकवत म्हणाली. "आवारातही मिळायचं नाही."

"नऊ नंबरच्या रांगेत बघितलंस?"

"बघितलं. तिथंही तुझ्यापेक्षा बऱ्या गाड्या आहेत."

दोघे भाऊबहीण इतके हसले की एल्वींना बॅटरीच्या तारा बाजूला ठेवाव्या लागल्या. हसू ओसरल्यावर हिल्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. एल्वींनी मला फिरवून पाहिले. मी थरथरलो नाही.

सोमवारी उजाडता उजाडता बर्फ सुरू झाला. मी पुन्हा कप्प्यामागच्या काळोखात होतो, नव्या घरी. हिल्याही बरोबर निघाली होती. ती पंख्यावर लक्ष ठेवायला आली आहे, असे तिने सांगितले. तिघे आत बसले, दारे लागली.

"झाली सुरुवात," रेनो म्हणाला. "काच पांढरी झाली. आपल्याच श्वासांची करामत. हिल्या, तू थोडं कमी बोल म्हणजे वाफ कमी होईल."

"श्वास मी नाकानं घेते."

"इंजिन तापू दे," एल्वी म्हणाल्या. काही मिनिटांत माझ्यापुढच्या नळ्या तापल्या. मग बटण फिरले. एक, दोन, तीन.

मी फिरलो. गार हवा ओढली, गरम नळ्यांवरून ढकलली आणि नेहमीप्रमाणे ती बोगद्यात नाहीशी झाली.

"काय दिसतंय?" मागून हिल्याने विचारले. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"थांब, सांगतो," रेनो म्हणाला. "खाली, काचेच्या कडेशी, दोन ठिपके स्वच्छ झाले. बशीएवढे. आता मोठे होताहेत… अर्धचंद्रासारखे. वर चढताहेत. गाडीचं नाक दिसलं. आता आपली पत्रपेटी दिसली, तिच्यावर बर्फाची टोपी. दोन्ही चंद्र एकमेकांना मिळाले. आता रस्ता. एल्वी, रस्ता दिसतोय गं."

"दिसतोय," एल्वी म्हणाल्या. गाडी हलली.

अठरा वर्षांनी मला उत्तर मिळाले होते, मित्रांनो. माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेवर धुके होऊन बसते, आणि माझी कोमट हवा ती हलकेच उचलून नेते. बाक्के जे म्हणाले होते ते अक्षरशः खरे होते. मी काळोखात बसतो, म्हणून तिघांना दिसते.

डुलुथच्या वाटेवर कुठेतरी रेनो गुणगुणू लागला. त्याला ठाऊक नव्हते, पण तो माझाच सूर धरत होता. दुसऱ्याच्या पात्यांमुळे तो आता काळी पाचच्या किंचित खाली उतरला आहे. बाक्केंच्या कानाला ते खटकले असते. मला खटकत नाही.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. एखादी मोडकी वस्तू उघडाल, तर तुम्हाला हवे ते जरूर घ्या. पण जे नको आहे ते फोडू नका. स्क्रू खळग्यात ठेवा, तारा ओढून तोडू नका, आणि जळक्या पंख्याची पातीसुद्धा धड असतील तर जपून ठेवा. तुमच्यानंतर तिथे कोण येणार आहे, हे तुम्हाला दिसणार नाही. मलाही माझी हवा कुणाकडे जाते ते दिसत नव्हते. पण पुढे कुणीतरी असते, आणि त्याला सोमवारी सकाळी रस्ता दिसायला हवा असतो.